एकोणिसाव्या वर्षाची रजा

बारकीचं नाव बारकी पडलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि खरोखरच बारकी होती. पुढे ती चांगली आडव्या अंगाची झाली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनची मेकॅनिक म्हणून अडतीस वर्षं राबली, एका हाताने मशीनचं डोकं उचलून दुसऱ्या हाताने खालचा पट्टा बदलू लागली. पण नाव काही वाढलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षीही तिचा दादा तिला ‘बारके’ अशीच हाक मारायचा आणि तीही ‘ओ’ द्यायची.

दादा शाळामास्तर. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, चौथीला, त्याने तेहतीस वर्षं शिकवलं. संसार केला नाही. बारकीचे यजमान गेले तेव्हा त्याने तिला आपल्याकडे बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत दोघं भावंडं भांडत-तंडत सुखाने राहत होती. पुढच्या खोलीत खिडकीच्या एका अंगाला दादाचं कॉम्प्युटरचं टेबल, दुसऱ्या अंगाला बारकीचं दुरुस्तीचं बाकडं. निवृत्तीनंतरही लोक तिच्याकडे मशीन आणायचे. ती तेल घालायची, दादा टंकत बसायचा.

टंकायला त्याच्याकडे खजिना होता. तेहतीस वर्षांत मुलांनी त्याला लिहिलेले रजेचे अर्ज. वर्ष संपलं की शाळा असले कागद रद्दीत घालायची. दादा त्याआधी ते वहीत उतरवून घ्यायचा. शब्द न बदलता, चुकांसकट. ‘वडील म्हणतात मला ताप आहे. आई म्हणते नाही. त्यांचं ठरेपर्यंत मी घरी आहे.’ ‘माझा एक बूट भावाने घातला आहे व दुसरा मी. त्यामुळे दोघेही येऊ शकत नाही.’ ‘सोबत आईची सही आहे. ती मीच केली आहे, पण आईला विचारून.’ निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून त्याने सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. आणि मग, घर आवरायच्या भरात, वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या.

“असू देत रे एका कोपऱ्यात,” बारकी तेव्हा म्हणाली होती.

“आता सगळं यंत्रात आहे,” दादा म्हणाला. “कागदाला वाळवी लागते, यंत्राला लागत नाही.”

त्या हिवाळ्यात एका प्रकाशिकेने नमुन्याचे वीस अर्ज वाचले आणि पुस्तक काढायचं कबूल केलं. महिनाअखेर सगळा मजकूर पाठवा, म्हणाली. दादाचे पाय जमिनीवर राहिनात. सकाळी उठल्या उठल्या तो कॉम्प्युटर लावायचा आणि शेवटचा हात फिरवत बसायचा.

कॉम्प्युटर मात्र रुसल्यासारखा वागत होता. पूर्वी दादाचा चहा ढवळून होईपर्यंत सुरू व्हायचा. आता त्याची दाढी, आंघोळ आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान उरकलं तरी पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. एखादी फाइल उघडायला घेतली की सगळं गोठायचं, बाणही हलायचा नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायचं. एका फाइलच्या नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. दादाने तिला नवं नाव दिलं आणि विषय संपवला.

एका सकाळी बारकी चहाचा कप ठेवायला गेली तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ती वाचेपर्यंत दादाने एक कळ दाबली आणि अक्षरं नाहीशी झाली.

“काय होतं ते?”

“डिस्क बिघडण्याच्या बेतात आहे, प्रत काढून ठेवा, असं काहीतरी. रोज येतं.”

“रोज? कधीपासून?”

“झाले असतील पंधरा-वीस दिवस. पुढे जाण्यासाठी कळ दाबा असंही त्यातच लिहिलंय. मी दाबतो.”

कॉम्प्युटरमधलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून तिनेही ते कानामागे टाकलं. त्याचं तिला पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं, कारण कानामागे टाकणं हा तिचा स्वभाव नव्हता. कारखान्यात एकशे चाळीस मशीनच्या गदारोळातून ती नुसती चालत गेली तरी कुठल्या मशीनची सुई चाटतेय आणि कुठल्या मशीनचा आकडा सैल झालाय हे तिला ऐकू यायचं. शिकाऊ पोरींना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची: आवाज बदलला की आधी पाय उचल. एवढी एक शिवण पूर्ण करते, असं म्हणणारीने पुढे काय काय मोडून घेतलं याच्या दहा कहाण्या तिच्याकडे होत्या.

त्या गुरुवारी दुपारी ती कुणाच्या तरी मशीनचं बॉबिन साफ करत होती. खोलीत शांतता होती. आणि टेबलाखालून आवाज आला. टक्. मग टक् टक्. मग कुर्र करून काहीतरी मागे गेल्यासारखं, आणि पुन्हा टक्.

बारकीचा हात थांबला. डोळे मिटून तिने ऐकलं. पंख्याचा आवाज तिला माहीत होता, तो सलग असतो. हा तसा नव्हता. काहीतरी आपली जागा शोधत होतं, सापडली नाही की परत फिरत होतं आणि पुन्हा शोधत होतं.

“दादा, पाय उचल.”

“कुठला पाय?”

“म्हणजे हात काढ त्याच्यावरून. बंद कर ते.”

“थांब गं, एवढं पान होऊ दे.”

“पान राहू दे. आतलं काहीतरी तुटायला आलंय.”

दादाने चष्मा कपाळावर चढवला. “बारके, हे शिलाई मशीन नाहीये. हे बघ, तोच विचारतोय, दुरुस्त करू का म्हणून. हो म्हटलं की रात्रभर तपासून स्वतःच नीट होईल.” आणि त्याचं बोट कळीकडे गेलं.

बारकी उठली. एवढ्या आडव्या अंगाची बाई एवढ्या चपळाईने उठलेली दादाने कधी पाहिली नव्हती. तिने त्याचं मनगट धरलं.

“पाय मुरगळलेल्या माणसाला गावभर पळवून पाय कुठे दुखतो ते बघतात का? ह्या डब्यात तुझी तेहतीस वर्षं आहेत. आणि वह्या रद्दीत.”

शेवटच्या वाक्याने काम केलं. दादाचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने कॉम्प्युटर बंद करायला घेतला. बंद व्हायलाही त्याने सात मिनिटं घेतली, आणि ती सात मिनिटं दोघं टेबलाखालची टकटक ऐकत उभी राहिली. शेवटी पडदा काळा झाला.

“पुन्हा एकदा लावून बघू का? कदाचित—”

“नाही,” बारकी म्हणाली.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चार गल्ल्या पलीकडे होतं. बारकीने कॉम्प्युटरचा डबा आपल्या जाड गोधडीत गुंडाळला, मशीन वाहायच्या ढकलगाडीवर ठेवला आणि दोऱ्यांनी बांधला. रस्त्यात खड्डा आला की ती गाडी उचलूनच घ्यायची. दादा बाजूने एक हात गोधडीवर ठेवून चालला होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, “सर, कोण आजारी आहे?” “चौथीचा वर्ग,” बारकी म्हणाली, आणि गाडी पुढे गेली.

कॉम्प्युटरवाली पस्तिशीची होती, या भागात नवी. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं. तिने काहीही लावून पाहिलं नाही, आधी विचारलं.

“काय काय झालं?”

बारकीने सांगितलं. हळू सुरू होणं, गोठणं, नावांचे चौकोन, काळ्या पडद्यावरची अक्षरं. मग तिने बोटाने काउंटरवर आवाज वाजवून दाखवला: टक्, टक् टक्, कुर्र, टक्.

कॉम्प्युटरवालीने वर पाहिलं. “एवढं अचूक मला कोणी ऐकवलं नव्हतं. डिस्कवर एक बारीक सुई फिरते, अक्षरं वाचत. तिला जागा सापडेनाशी झालीये. मग बंद कोणी केलं?”

“मी करायला लावलं.”

“तो दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला का?”

“चालवणार होता,” बारकीने दादाकडे न बघता सांगितलं.

“चालवला असता तर वाचवायला काही उरलंच नसतं, माझ्याकडे यायचं कारणही नाही.”

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारकाईने निरीक्षण करू लागला.

तिने डिस्क काढली. हाताच्या पंजाएवढी एक सपाट डबी. ती आपल्या मशीनला बाहेरून जोडली आणि शेजारी एक कोरी डिस्क लावली. “हिच्यावर आता काहीही लिहायचं नाही, फक्त हिच्यातून काढायचं,” ती म्हणाली. “किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. एकच गोष्ट वाचणार असेल तर कुठली?”

“अर्ज,” दादा म्हणाला.

“कुठे आहेत?”

दादा घुटमळला. “नवीन फोल्डर दोनमध्ये. त्यात ‘शेवटचं’ म्हणून एक आहे. ते नाही. त्याच्या आत ‘शेवटचं नक्की’.”

कॉम्प्युटरवालीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असल्या गोष्टी तिने डॉक्टरसारख्याच पुष्कळ ऐकल्या असाव्यात.

तेहतीस वर्षांच्या तेहतीस फाइली. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. पहिली पाच वर्षं भराभर आली. सहाव्याला टकटक झाली, पट्टी थांबली, दादाने श्वास धरला, पट्टी सुटली. कॉम्प्युटरवाली मधे मधे थांबत होती, डिस्कवर हात ठेवून बघत होती, गरम झाली की छोटा पंखा लावत होती. बारकीला ती बाई त्या क्षणापासून आवडली. हात लावून यंत्राची तब्येत बघणारी माणसं आता कुठे उरली आहेत?

एकोणिसाव्या फाइलला पट्टी अडली ती अडलीच.

“हिला मागे ठेवू,” कॉम्प्युटरवाली म्हणाली. “एकीसाठी बाकीच्यांना अडकवायचं नाही. शेवटी हिच्याकडे परत येऊ.”

विसावं आलं, एकविसावं आलं. दादा ओठांतल्या ओठांत मोजत होता. तेहतिसावं आलं तेव्हा बाहेर दुकानांच्या पाट्यांचे दिवे लागले होते. मग फोटो आले, पत्रं आली. मग ती एकोणिसाव्याकडे परत वळली. डिस्क तीनदा टकटकली, कुर्र झाली, आणि गप्प झाली. पुन्हा जोडून पाहिलं तर मशीनला ती दिसेचना.

“मोठ्या शहरात अशी डिस्क उघडून वाचणारे लोक असतात,” कॉम्प्युटरवाली म्हणाली. “पाठवता येईल. महिने लागतील आणि खात्री नाही. पण बत्तीस आली, सर. वीस दिवस काळा पडदा ढकलून आलेल्या माणसाची मी इतकी आलेली पाहिली नाहीत.”

बारकीचा जीव भांड्यात पडला. दादाचा अर्धाच पडला. घरी जेवताना तो म्हणाला, “ती बॅच फार वात्रट होती. सगळ्यांत चांगले अर्ज त्यांचेच होते.”

“आठवतात?”

“मुलं आठवतात. बेचाळीस. हजेरी अजून पाठ आहे. अर्ज शब्दाला शब्द नाही आठवत, आणि मनाने लिहिले तर खोटे ठरतील.”

बारकीने भांडी विसळता विसळता विचार केला. कारखान्यात एकदा एका कोटाचा कागदी नमुना हरवला होता. सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा मापं घेणारी म्हातारी म्हणाली होती, कागद हरवला, माणूस कुठे हरवलाय? त्याला बोलवा आणि पुन्हा माप घ्या.

“दादा, मुलं कुठेत आता?”

“कुठे असणार? इथेच बरीचशी. तिशीत आली असतील.”

“मग त्यांनाच लिहायला सांगू.”

“वीस वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज कुणाच्या लक्षात राहतो, बारके? आणि कामंधंदे सोडून येणार कोण?”

बारकीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सरांचा एकोणिसावा वर्ग. तुमचे रजेचे अर्ज हरवले आहेत. रविवारी दुपारी येऊन पुन्हा लिहून द्यावेत. उशिरा येणाऱ्यांनी दारात उभं राहावं.’ एक कागद बेकरीत लावला, एक न्हाव्याकडे, एक बसच्या डेपोत, एक कॉम्प्युटरवालीच्या काचेवर.

रविवारी तीन वाजता जिन्यात पावलं वाजली. मग आणखी वाजली. दादाने दार उघडलं तर जिन्याच्या वळणापर्यंत माणसं. सगळ्यांत पुढे एक दाढीवाला, पोट सुटलेला.

“तू डावीकडचा तिसरा बाक,” दादा म्हणाला.

“हो, सर,” दाढीवाला म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

एकवीस जण आले. खुर्च्या पुरल्या नाहीत, बारकीचं बाकडं रिकामं केलं, तेही पुरलं नाही. बाकीचे भिंतीला टेकून जमिनीवर बसले. बारकीने एकेक कोरा कागद वाटला. सगळे पेन चावत बसले, आणि मग एकाने हात वर केला. तो गावातला दातांचा डॉक्टर होता.

“सर, तेव्हा लिहिलं होतं तेच लिहायचं, की खरं कारण लिहायचं?”

दादाने बारकीकडे पाहिलं. बारकीने खांदे उडवले.

“दोन्ही लिहा,” दादा म्हणाला. “वर तेव्हाचं. खाली खरं.”

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. दातांच्या डॉक्टरने लिहिलं: ‘दाढ दुखते म्हणून रजा. खरं कारण: दुखत नव्हती. दुखणं म्हणजे काय हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं, आणि त्याचाच मी धंदा केला.’ डेपोतून गणवेशातच आलेल्या बाईने लिहिलं: ‘आजी आजारी आहे. खरं कारण: मी सात नंबरच्या बसमध्ये पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत सहा वेळा गेले. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली होती, ती सोडवेना. आता मीच सात नंबर चालवते.’

जुळे भाऊ एकाच कागदावर वाकून बसले होते. त्यांनी लिहिलेलं दादाने मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबला. “म्हणजे तुम्ही दोघं पूर्ण वर्षात एकदाही एकत्र शाळेत आला नाहीत?”

“परीक्षेला आलो होतो, सर.”

“पण मी दोघांचीही हजेरी लावत होतो.”

“मधल्या सुट्टीत एक जण कुंपणावरून बाहेर जायचा, दुसरा आत यायचा. तुम्ही सकाळी माझी लावायचात, दुपारी त्याची.”

खोलीत असा हशा पिकला की खालच्या मजल्यावरची म्हातारी वर बघायला आली आणि तिथेच बसून राहिली.

बेकरीवाली सगळ्यांत शेवटी लिहून झाली. तिने कागद दादाच्या हातात न देता बारकीच्या हातात दिला. बारकीने वाचला. ‘घरी पाहुणे आहेत. (अकरा वेळा.) खरं कारण: पाहुणे कधीच आले नाहीत. आई अंथरुणाला खिळली होती आणि धाकट्याला कोणी बघायला नव्हतं. सरांनी एकदाही विचारलं नाही कोण पाहुणे. अर्जावर मंजूर लिहायचे आणि मागच्या बाजूला त्या दिवशीचा धडा लिहून पाठवायचे.’

बारकीने भावाकडे पाहिलं. अडतीस वर्षं ती यंत्रांचं ऐकत आली होती. हा माणूस तेहतीस वर्षं पोरांचं ऐकत आला होता, आणि त्याबद्दल घरात कधी एक चकार शब्द बोलला नव्हता. तिने कागद घडी न करता सगळ्यांच्या वर ठेवला.

“आई कशी आहे?” दादाने विचारलं.

“ठणठणीत,” बेकरीवाली म्हणाली. “मला पाव भाजायला शिकवते. अजून म्हणते, तुला जमत नाही.”

प्रकाशिकेला फोन करून बारकीनेच सगळं सांगितलं. ती म्हणाली, महिनाअखेर वगैरे विसरा, ही पानं आधी पाठवा.

कॉम्प्युटरवाली दोन दिवसांनी घरी येऊन नवी डिस्क बसवून गेली. बारकी टेबलाखाली कान लावून बसली होती.

“हिचा आवाजच येत नाही.”

“हिच्यात फिरणारं काही नाही, ताई. हिला काही झालं तर ती बहुतेक न सांगताच जाईल. म्हणून वाट बघायची नाही. दर रविवारी प्रत काढायची. एक घरात, एक बाहेर कुणाकडे तरी, आणि कधीतरी उघडून बघायचं की प्रत खरंच वाचता येतेय.”

“ते मी बघते,” बारकी म्हणाली. बाहेरची प्रत बेकरीवालीकडे ठेवायचं ठरलं, कारण तिचं दुकान रविवारीही उघडं असे.

पुढच्या रविवारी राहिलेल्यांपैकी नऊ जण आले आणि आधीचे एकवीसही, बोलावणं नसताना. त्या गर्दीत बसवाल्या बाईने विषय काढला. “सर, त्या वर्षी तुम्ही पण एक दिवस आला नव्हतात.”

“मला ताप होता,” दादा म्हणाला.

“वर तेव्हाचं, खाली खरं,” कुणीतरी मागून आठवण करून दिली. दाढीवाल्याने कोरा कागद पुढे केला.

दादाने चष्मा सारखा केला. मग त्याने लिहिलं, आणि चौथीच्या वर्गात वाचायचा त्याच आवाजात वाचून दाखवलं: “ताप आहे, असं कळवलं होतं. खरं कारण: झोप लागली. उठलो तेव्हा दहा वाजले होते. उशिरा येणाऱ्यांना रोज दारात उभं करणारा मी, मला आत जायचा धीर झाला नाही. म्हणून बागेत जाऊन बसलो. पलीकडच्या बाकावर माझ्याच वर्गातले तीन विद्यार्थी होते. आम्ही एकमेकांना पाहिलं. कोणीही काही बोललं नाही. त्या दिवशीची रजा मिळावी.”

दाढीवाला, आणि जुळ्यांपैकी त्या सकाळी शाळेत न जायची पाळी असलेला एक, आणि दातांचा डॉक्टर, तिघंही जमिनीकडे बघत होते. मग डॉक्टरचे खांदे हलू लागले.

“वीस वर्षं आम्ही बायकोलासुद्धा सांगितलं नाही, सर,” तो कसाबसा म्हणाला.

त्यानंतर कोण कशाला हसतंय ते कळेनासं झालं. दादा तर इतका हसला की त्याला चष्मा काढून ठेवावा लागला. बारकीने त्याच्या हातातून कागद घेतला, कॉम्प्युटरपुढे बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तो टंकला. ‘त्या दिवशीची रजा मिळावी’ इथपर्यंत यायला तिला पाऊण तास लागला. पण तेवढ्या वेळात कोणी घरी गेलं नव्हतं.